कागदावर सगळ्याच वेण्या घालतात

जॅक्सन शहराच्या पश्चिमेकडे लाट्रीस पेटवेला न ओळखणारी बाई सापडणं कठीण, कारण तिथल्या निम्म्याजणींची डोकी कधी ना कधी तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये येऊन गेलेली होती. मिसिसिपीच्या त्या भागात केस म्हणजे नुसती हौस नव्हे. नोकरीची मुलाखत असो, मयत असो, ईस्टरची प्रार्थना असो, आधी लाट्रीसला फोन. पाकिटातले नकली केस खऱ्या केसांत गुंफून ती सुतळीएवढ्या बारीक वेण्या घालायची. एका डोक्याला पाच-सहा तास सहज जात. शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे ती उसवत नाहीत. जॅक्सनच्या नळाला पाणी येईल की नाही आणि आलं तर कुठल्या रंगाचं येईल, याचा काही नेम नसल्यामुळे तिच्या घरात बादल्या कायम भरलेल्या असत.

हे सगळं चालायचं स्वयंपाकघरात. चुलीवर एका बाजूला पालेभाजी डुकराच्या हाडांबरोबर शिजतेय, दुसऱ्या बाजूला वेण्यांचं पाणी उकळतंय, आणि मध्ये गिऱ्हाईक बसलंय. तिची अकरा वर्षांची मुलगी झकीया ताटावर बसली की पहिल्यांदा मक्याच्या कॉर्नब्रेडचा तुकडा उजेडात धरून केस शोधायची.

"आई, आज कोणाचे आहेत? लाल म्हणजे त्या पोस्टातल्या बाईचे ना?"

"गप खा. केसांनीच घरभाडं भरलंय."

धाकटा डेव्हियन सहा वर्षांचा. मुलांचा बाप ह्यूस्टनला होता, म्हणजे नाताळात फोनवर असायचा. लाट्रीस पूर्वी कोंबड्या कापायच्या कारखान्यात होती. तिथल्या थंडीने बोटं आखडायला लागली तेव्हा तिने नोकरी सोडली, कारण बोटं गेली तर उरतं काय? चुलतबहिणींच्या डोक्यांवर लहानपणी शिकलेली कला तिने धंद्याला लावली, आणि चौतीस वर्षांची होईपर्यंत त्याच कलेवर दोन मुलं वाढवली. कोणाकडे हात पसरला नाही, आणि हे ती दर दोन दिवसांनी कोणाला तरी ऐकवायचीही.

तिला एकच गोष्ट हवी होती. लॉन्ड्रीशेजारी मिस्टर ओथा बायनम यांचं न्हाव्याचं दुकान होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, आणि एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागल्यावर त्यांनी स्वतःच दुकान बंद करायचं ठरवलं. दोन फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा, मागे गरम पाण्याची टाकी. लाट्रीस एकदा सहज म्हणून त्या खुर्चीत बसली आणि घरी येऊन स्वतःच्या स्वयंपाकघराकडे तिला बघवेना.

"तुला देतो," मिस्टर ओथा म्हणाले. "अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं आण. चार जुलैपर्यंत थांबतो. मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा मागे लागलाय, पण मला त्या जागेत केसच पडलेले बघायचेत."

"मला टॅक्सचे पैसे येऊ देत, मिस्टर ओथा. आले की दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात."

टॅक्सचे पैसे म्हणजे काय, हे त्या वस्तीत लहान पोरालाही कळतं. तिथलं वर्ष खरं तर त्या पैशांवरून मोजतात. सरकार म्हणतं, तुम्ही एकट्या आई, पदरात मुलं, कमाई थोडी. तर काम करा, आम्ही वरून भर घालतो. मात्र कामच नसेल तर भर नाही. जसजशी कमाई जास्त, तसतशी भर जास्त, आणि एका आकड्याला पोहोचलात की ती सगळ्यात मोठी. त्यापुढे बरीच कमाई वाढली की ती पुन्हा उतरायला लागते. दोन मुलं असली तर त्या सुमारास हा आकडा साडेतेरा हजार डॉलरच्या किंचित खाली होता. सरकारातल्या कोणा हुशार माणसाने हे कागदावर आखलं असेल तेव्हा त्याला फार बरं वाटलं असणार. लोक आकडे वाचतात, हे मात्र तो विसरला.

आणि वस्तीच्या वतीने आकडे वाचणारी होती मिस अर्नेस्टीन. जानेवारी ते एप्रिल ती एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात टेबल मांडून बसायची. बाहेर डॉलरच्या नोटेचा पोशाख घातलेला तिचा भाचा गिऱ्हाइकं ओढायला रस्त्यावर नाचायचा. आत कॉफी, लिमलेटच्या गोळ्यांचा वाडगा आणि साठीतली, जाड चष्म्याची अर्नेस्टीन, जी कराचा अर्ज भरून द्यायचे पैसे आधी न घेता, नंतर येणाऱ्या रकमेतून कापून घ्यायची. कोणाला किती मुलं आणि कोणाचा नवरा कुठे, हे तिला न विचारता माहीत असे.

फेब्रुवारीत लाट्रीस तिच्यासमोर बसली तेव्हा आनंदात होती. त्या वर्षी तिने दुकानासाठी म्हणून जिवापाड काम केलं होतं. रविवारी चर्चमधून आल्यावर कपडे न बदलता डोकी घेतली होती. केसांच्या पाकिटांचा, तेलाचा, गॅसचा खर्च वजा करून तिने स्वतः हिशेब जुळवला होता.

"किती गं पोरी या वर्षी?"

"तेरा हजार चारशे आणि वर थोडे."

अर्नेस्टीनने चष्मा काढला. "कोणी शिकवलं तुला?"

"काय शिकवलं?"

"हा आकडा. मी तर तुला कधी बोलले नाही."

"या बोटांनी शिकवलं, मिस अर्नेस्टीन. बघा, अंगठा दुमडत नाही सरळ."

अर्नेस्टीन हसली, पण ते हसू लाट्रीसला आवडलं नाही. चोराने चोर भेटल्यावर हसावं तसं होतं ते.

"बरं बाई, तुझा तू जाण. पण माझं ऐक. हल्ली हा आकडा वरच्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलाय. सगळ्यांचा तोच येतो ना! दोन हजार कमी सांग. भर थोडी कमी मिळेल, पण कोणी ढुंकून बघणार नाही."

"कमवलेलं कमी सांगू?"

"पोरी, अख्खा देश कमवलेलं कमी सांगतो. त्यात काय एवढं!"

"मी रविवारी उभी राहून, पाय सुजवून डोकी केलीत. त्यातलं एकसुद्धा सोडणार नाही मी. लिहा जेवढं आहे तेवढं."

अर्नेस्टीनने खांदे उडवले आणि लिहिलं. पुढे कित्येकदा लाट्रीसला तो क्षण आठवला आणि दर वेळी तिला स्वतःचाच राग आला. खरं बोलल्याचा पश्चात्ताप व्हावा, याहून चीड आणणारं दुसरं काय असतं?

मार्चमध्ये सगळ्यांचे पैसे आले. वस्तीत गाद्यांचे ट्रक फिरायला लागले, गाड्यांना नवी टायरं लागली, कोणाचा किडलेला दात निघाला. लाट्रीसकडे पैशांऐवजी पत्र आलं. तुमची रक्कम थांबवली आहे. तुम्ही दाखवलेलं उत्पन्न खरोखर मिळवलंत, याचा पुरावा पाठवा.

तिने पत्र दोनदा वाचलं. मग कर खात्याला फोन लावला. तिकडे बराच वेळ बासरीसारखं काहीतरी वाजत राहिलं, मध्येच फोन कटला, तिने पुन्हा लावला, आणि एका डोक्याच्या निम्म्या वेण्या झाल्या तेव्हा कुठे एक माणूस बोलला.

"मॅडम, आम्हाला दिसायला हवं की हा व्यवसाय अस्तित्वात आहे."

"अस्तित्वात आहे? तो आत्ता माझ्या गुडघ्यात बसलाय. बोलायचंय त्याच्याशी?"

खाली बसलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. फोनवरचा माणूस हसला नाही.

"बँकेत पैसे भरल्याच्या नोंदी आहेत?"

"लोक रोख देतात. संध्याकाळी मी घरमालकाला देते. बँक मध्ये कुठे येते?"

"केसांची पाकिटं घेतल्याच्या पावत्या?"

"डबाभर आहेत."

"त्यावरून तुम्ही केस विकत घेतले एवढंच दिसतं, मॅडम. वेण्या घातल्या हे दिसत नाही."

"मग मी त्या केसांचं काय केलं असेल? उशा भरल्या?"

"वेळापत्रक वगैरे ठेवता?"

फ्रिजवर कॅलेंडर होतं. तिने त्याचे फोटो आधीच पाठवले होते. कागद चाळल्याचा आवाज आला.

"इथे लिहिलंय, पुकी, दुपारी दोन. या पुकीचं पूर्ण नाव काय?"

लाट्रीसने डोळे मिटले. पुकीला तिची सख्खी आईसुद्धा पुकीच म्हणत होती.

"हे बघा साहेब," ती म्हणाली, "तुम्ही जगभर लोकांना कमाई लपवली म्हणून पकडता. मी काहीच लपवलेलं नाही. त्यावरचा करसुद्धा मी मांडून दिलाय. घ्या की! मी कर भरते म्हणतेय आणि तुम्ही नको म्हणताय, हे कुठलं सरकार?"

"मॅडम, त्या भागातून बरोबर याच आकड्याचे, याच व्यवसायाचे फार अर्ज येतात. त्यातले बरेच..." तो थांबला. "तुम्ही गिऱ्हाइकांकडून पत्रं आणा. नाव, पत्ता, सही, वर्षभरात तुम्हाला किती दिले. तेवढं मान्य करू."

लाट्रीसला हायसं वाटलं. पत्रंच ना? गिऱ्हाइकांची तिच्याकडे काय वाण! तिने त्याच दिवशी वह्यांमधले कोरे कागद काढले आणि पहिल्यांदा गेली वॉनेटाकडे.

वॉनेटा ही तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दर दीड महिन्याला कंबरेपर्यंतच्या वेण्या, आणि पैसे कधी बुडवले नाहीत. तीन मुलांची एकटी आई. ती लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, चादरीचं एक टोक लाट्रीसच्या हातात दिलं आणि घडी जुळवली.

"लॅट, तू माझी किडनी माग, देते. पण सही नाही गं जमणार."

"का? तूच नाही का माझ्याकडून वेण्या घालून घेत?"

"घेते."

"मग?"

वॉनेटाने इकडेतिकडे बघितलं. "कागदावर मी पण वेण्या घालते."

लाट्रीसला आधी कळलंच नाही. "कोणाच्या?"

"कोणाच्या नाही गं! मिस अर्नेस्टीनने तसं लिहिलंय. चार वर्षं झाली. ती म्हणाली, पोरी, तू काहीतरी करतच असशील, केस करतेस ना? मी म्हटलं, माझ्या पोरींच्या शेंड्या बांधते. ती म्हणाली, झालं तर मग. आता मीच वेण्या घालणारी बाई आणि मीच लिहून देऊ की मी लाट्रीसला पैसे देऊन वेण्या घालून घेते? न्हावी दुसऱ्या न्हाव्याकडे जातो का?"

"मिस्टर ओथा जातात."

"त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे! लॅट, चेष्टा नाही. पकडलं तर पैसे परत मागतात, वर पुढची कित्येक वर्षं एक डॉलर देत नाहीत. माझ्या घरात तीन तोंडं आहेत."

लाट्रीस चादर तशीच टाकून निघाली. मग गेली पोस्टातल्या लाल केसांच्या बाईच्या बहिणीकडे. तीही कागदावर वेण्या घालत होती. पुकीकडे गेली. पुकीचं खरं नाव अँजेनेट निघालं, आणि अँजेनेट कागदावर नुसत्या वेण्याच घालत नव्हती, तर केस रंगवतही होती. चर्चच्या गायकवृंदातल्या दोघीजणी तर लाट्रीसला बघून मागच्या दाराने निसटल्या. आठवडाभर ती दारोदार फिरली, आणि तिला हळूहळू कळलं की ज्या गावात वेण्या घालणारी ती एकटी होती, त्या गावात कागदावर डोक्यांपेक्षा हात जास्त झाले होते. एकीने मांडीवर बाळ घेऊन, अगदी साधेपणाने विचारलं, "तू पण कागदावर वेण्याच घालतेस? मग खरं काय करतेस गं?"

लाट्रीसने तीन महिन्यांपूर्वी घातलेल्या वेण्या त्याच बाईच्या डोक्यावर अजून होत्या.

रागाच्या भरात ती मिस अर्नेस्टीनच्या घरी गेली. हंगाम संपला होता, चपलांचं दुकान बंद होतं, आणि अर्नेस्टीन आपल्या ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"किती जणींना तुम्ही माझ्या धंद्यात आणलंत, मिस अर्नेस्टीन? एकदा आकडा तरी सांगा! दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला? शिवणकाम लिहायचं! केक लिहायचे!"

"केकला परवाना लागतो," अर्नेस्टीन शांतपणे म्हणाली. "बस. ओरडू नकोस, शेजारीण ऐकतेय, आणि तीही तुझ्याच धंद्यात आहे."

लाट्रीस बसली नाही.

"तुला वाटतं त्या रिकाम्या बसतात?" अर्नेस्टीनने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं. "तुझी ती वॉनेटा. नवरा जवळ नाही, पण सासू अंथरुणाला खिळलीय, तिचं हगणंमुतणं कोण काढतं? शेजारच्या म्हाताऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोण नेतं? बहिणीची दोन पोरं कोण सांभाळतं? पैसे मिळतात त्याचे? नाही. सरकार म्हणतं, काम करणाऱ्या आईला भर देऊ. मग मला सांग, ते काम मी कुठल्या चौकटीत लिहू? मी शोधली, लाट्रीस. चौकट नाही. केसांची होती, तिच्यात बसवलं."

"आणि त्यात माझी जागा गेली."

"मी तुला सांगितलं होतं, दोन हजार कमी सांग."

"म्हणजे चूक माझी!"

"चूक नाही गं. पण तू ऐकलं नाहीस."

खरं म्हणजे लाट्रीसला तिच्या तोंडावर शेंगांचं भांडं फेकायचं होतं. पण वॉनेटाच्या सासूला तिने स्वतः पाहिलं होतं, आणि त्या म्हातारीचं डोकं ती फुकट धुऊन देत असे. बोललेलं सगळं खरं होतं. तेच तर खुपत होतं. ज्याच्यावर मनापासून चिडता येईल असं एकही माणूस तिला त्या आठवड्यात सापडलं नाही, आणि तो राग कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून तो घरी मुलांवर निघाला. डेव्हियनने बादलीत बोटी सोडल्या म्हणून त्याला एक धपाटा बसला. मग तीच आत जाऊन रडली.

शेवटी पत्रं मिळाली ती म्हाताऱ्यांची. पेन्शनवाल्या बायका, ज्यांच्या घरात मुलं नव्हती, म्हणून भर नव्हती, म्हणून भीतीही नव्हती. निवृत्त शिक्षिका मिसेस क्लेमन्स यांनी वळणदार अक्षरात दीड पान लिहिलं, त्यात लाट्रीसच्या स्वभावाचं कौतुक केलं, आणि तिच्या हातून व्याकरणाची जी चूक नववीत झाली होती तीही नमूद केली. पण त्यांच्या डोक्यावर केस उरले होते किती? वीस डॉलरचं काम. अशा सगळ्या विरळ केसांच्या बायकांची बेरीज करून लाट्रीसने पाकीट पाठवलं आणि देवावर हवाला ठेवला.

दरम्यान ती मिस्टर ओथांच्या दुकानावरून जायचं टाळत होती. एक दिवस त्यांनीच हाक मारली.

"काय म्हणतंय सरकार?"

"विचार करतंय."

"सवडीने करू दे म्हणावं. मी तेवढा थांबतो. चार जुलै म्हणालोय ना, चार जुलै." आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "त्याच्यापुढे नाही गं जमणार. डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे लागतात."

जूनच्या शेवटी उत्तर आलं. पत्रांमधून सिद्ध झालेली रक्कम मान्य. लाट्रीस पेटवे हिने त्या वर्षात चार हजार डॉलर कमावले. त्यावर बसेल तेवढी भर तिला मिळेल. बाकीच्या कमाईचा पुरावा नसल्यामुळे ती कमाई झाली नाही, असं धरण्यात आलं आहे.

झाली नाही! लाट्रीस ते वाक्य बोटाने दाबून धरत राहिली. रविवारचे सुजलेले पाय, ईस्टरच्या आदल्या रात्री सलग केलेली डोकी, वाफेने भाजलेलं मनगट, यातलं काही झालंच नाही. वॉनेटाने वेण्या घातल्या, पुकीने घातल्या, पुकीने तर रंगही लावले. लाट्रीसने मात्र वर्षभर बसून काढलं. मिळणाऱ्या पैशांत अनामतसुद्धा पुरी होत नव्हती. पत्रात लिहिलं होतं की निर्णय मान्य नसेल तर अपील करता येईल, पुरावे जोडून. पुरावे वस्तीभर फिरत होते, कंबरेपर्यंत लांब. फक्त ते सही करत नव्हते.

चार जुलैच्या संध्याकाळी आकाशात स्वातंत्र्यदिनाचं दारूकाम चाललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मिस्टर ओथांच्या फिरत्या खुर्च्या फुटपाथवर आल्या. मोबाइलवाल्या पोराला त्यांचा उपयोग नव्हता. मिस्टर ओथा म्हणाले, एक घेऊन जा, फुकट. लाट्रीसने दाराचं माप घेतलं. तिच्या स्वयंपाकघरात ती खुर्ची मावली नसती.

त्यानंतरच्या शनिवारी वॉनेटाचा फोन आला. सासू वारली होती. सोमवारी मयत.

लाट्रीस नाही म्हणू शकली असती. पण मयताला बाईने विस्कटलेल्या डोक्याने उभं राहावं, हे तिला वैऱ्याच्या बाबतीतही बघवलं नसतं. वॉनेटा आली, खाली उशीवर बसली, आणि लाट्रीसने भांग पाडायला सुरुवात केली. मागची निम्मी बाजू झाली. मग वॉनेटाने तोंड उघडलं.

"ओथांचं दुकान गेलं ऐकलं. फार वाईट झालं गं. इथे किती अडचण होते तुला. हक्काची जागा पाहिजे होती तुला."

लाट्रीसचे हात थांबले. तिने बारीक दांड्याचा कंगवा वॉनेटाच्या हातात ठेवला.

"काय?" वॉनेटाने वळून बघितलं.

"उरलेल्या तू घाल."

वॉनेटा हसली. लाट्रीस हसली नाही, तेव्हा तीही थांबली.

"लॅट, असं काय करतेस?"

"तू वर्षाला साडेतेरा हजारांच्या वेण्या घालतेस. मी चार हजारांच्या. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला असणार. घाल ना."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. वॉनेटाने खरंच एक बट उचलली, पाकिटातले केस त्यात धरले आणि तीन पेड करायला गेली. पहिल्याच वळणाला नकली केस सुटून मांडीवर पडले. तिने पुन्हा धरले. पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा तिने नुसताच हात डोक्यावर ठेवला आणि ती रडायला लागली. सासूसाठी, की स्वतःसाठी, की लाज वाटून, हे तिचं तिलाच कळत नसावं.

"मी काय करू सांग," ती म्हणाली. "सही केली तर पोरांच्या तोंडचं जातं. नाही केली तर तुझ्या. तूच सांग मला."

लाट्रीसने वॉनेटाच्या हातातून कंगवा घेतला, मांडीवर सांडलेले केस गोळा केले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. तिच्या हातून अर्धवट डोकं कधी बाहेर गेलं नव्हतं, आणि सरकारने काही म्हटलं तरी ते तिला माहीत होतं.

संपलं तेव्हा बाहेर अंधारत आलं होतं. तिने टोकं पाण्यात बुडवून टॉवेलने निपटली आणि भिंतीवरचा छोटा आरसा वॉनेटापुढे धरला. वेण्या सुरेख झाल्या होत्या, सगळ्या सारख्या, एकही केस इकडचा तिकडे नाही. वॉनेटाने नेहमीचे पैसे मोजले, वर वीस डॉलर ठेवले. लाट्रीसने वीस परत केले.

"फार छान झाल्यात गं," वॉनेटा दारात उभी राहून हळूच म्हणाली. "सोमवारी सगळ्या विचारतील, कोणी घातल्या म्हणून."

"सांग, माझ्या मीच घातल्या," लाट्रीस म्हणाली, आणि खुर्चीखालचे केस झाडायला तिने झाडू घेतला.